दुखापत ठरवतं कोण?

गोंदियाचं आणि फुटबॉलचं नातं सांगायचं तर मैदानापासून सुरुवात करून भागत नाही, खुर्चीपासून करावी लागते. २००८ मध्ये प्रियरंजन दासमुन्शी आजारी पडले आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सूत्रं गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांकडे आली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली, तोवर ती त्यांच्याकडेच राहिली. मधे, एप्रिल २०१९ मध्ये, ते फिफाच्या कौन्सिलवर निवडून गेले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. जगात फुटबॉल किती खेळायचा, कोणत्या महिन्यात खेळायचा, कोणती स्पर्धा किती फुगवायची हे ज्या टेबलाभोवती ठरतं, तिथे धानाच्या या जिल्ह्यातला माणूस बसला होता. पटेलांच्या कारकिर्दीचा जमाखर्च मला इथे मांडायचा नाही. त्या टेबलाभोवती जे ठरतं आणि मैदानावर ज्याला आपण नशीब म्हणतो, त्या खेळाडूच्या दुखापतीविषयी बोलायचं आहे.

दुखापतीबद्दल आपली समजूत अशी की ती होते. चेंडूमागे धावताना पाय मुरगळतो, नस ओढली जाते, गुडघा सरकतो, देवाची मर्जी. गावाकडे यावर हळद-तेलाचा शेक असतो, नाहीतर हाड बसवणारा असतो. शहरात फिजिओ असतो. समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच, की हा अपघात आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. दुखापतींचा फार मोठा भाग हा अपघात नसून निर्णयाचा परिणाम असतो, आणि तो निर्णय घेणाऱ्याचा गुडघा कधीच पणाला लागलेला नसतो.

याला पुरावा आहे, आणि तो बारीकसारीक नोंदींचा आहे. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड यांनी २००१ पासून युरोपातल्या बड्या क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवायला सुरुवात केली. युएफाच्या आश्रयाने चाललेला हा अभ्यास दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. त्यातून जे चित्र दिसतं ते ‘अपघात’ या कल्पनेशी अजिबात जुळत नाही. पंचवीस खेळाडूंच्या संघात एका हंगामात सुमारे पन्नास दुखापती होतात, म्हणजे माणशी दोन. त्यातल्या साधारण पंधरा स्नायूंच्या असतात. या स्नायूंच्या दुखापतींपैकी ९२ टक्के पायांच्या चारच स्नायूगटांत होतात: मांडीची मागची बाजू, जांघ, मांडीची पुढची बाजू आणि पोटरी. एकटी मांडीची मागची बाजू, जिला सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, तिचा वाटा ३७ टक्के. सामन्यातल्या दर हजार तासांमागे सत्तावीसच्या आसपास दुखापती, सरावातल्या हजार तासांमागे चार. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली आकडे साधारण याच घरात येतात. विमा कंपनी ज्याच्यावर हप्ता ठरवू शकते त्याला नशीब म्हणायचं कसं?

फिफाने तर तसा हिशेब केलाच आहे. २०१२ पासून तिची एक योजना आहे: खेळाडू देशाकडून खेळताना जखमी झाला आणि अठ्ठावीस दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर त्याच्या क्लबला दिवसाला जास्तीत जास्त २०,५४८ युरो मिळतात, वर्षभरापर्यंत. आजच्या दराने ते दिवसाला वीस लाख रुपयांच्या आसपास जातात. हे पैसे क्लबला मिळतात, पगार चालू राहावा म्हणून. दुखापत होणारच, ती किती होणार आणि तिला किती खर्च येणार, हे सगळं माहीत असलेल्या माणसांनी ही योजना आखली आहे. स्पर्धा कमी करण्यापेक्षा भरपाई देणं त्यांना परवडतं, एवढाच याचा अर्थ.

आता वेळापत्रकाचं बघू. ग्रेगरी दुपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एका अव्वल क्लबच्या दोन हंगामांची आकडेवारी तपासली. आठवड्याला एक सामना असेल तर दर हजार तासांना ४.१ दुखापती, दोन सामने असतील तर २५.६. सहापट. या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: दोन सामन्यांच्या आठवड्यातही खेळाडूंनी कापलेलं अंतर आणि वेगाने घेतलेल्या धावा कमी झाल्या नव्हत्या. म्हणजे प्रशिक्षकाच्या पडद्यावर पोरगा ताजातवाना दिसत होता. पाय धावत होते, आतला धागा मात्र उसवत चालला होता. ‘तो दमलेला दिसत नव्हता’ हे वाक्य जगातला प्रत्येक प्रशिक्षक म्हणतो आणि त्यात तो खोटंही बोलत नसतो. दिसतच नाही ते.

हॅमस्ट्रिंगची गोष्ट तर या सगळ्या शास्त्राला लाज आणणारी आहे. २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींमध्ये तिचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो २४ टक्के झाला. दुप्पट. याच वीस वर्षांत क्लबांनी फिजिओंची फौज उभी केली, पाठीवर जीपीएसची यंत्रं बांधली, बर्फाच्या हौदात खेळाडू बसवले. एवढं होऊनही दुप्पट. कारणं आहेतच: खेळ वेगवान झाला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००६-०७ ते २०१२-१३ या सहा-सात वर्षांतच पूर्ण वेगाने धावण्याचं अंतर सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं. हॅमस्ट्रिंग फाटते ती याच धावण्यात, पाय पुढे फेकला जात असताना, स्नायू ताणलेला आणि आवळलेला अशा दोन्ही अवस्थांत असतो त्या क्षणी. पण वेग वाढला म्हणून विश्रांती वाढली का? उलट झालं. हिवाळ्यात सुट्टी न घेणाऱ्या संघांचे हंगामाला सरासरी ३०३ खेळाडू-दिवस जास्त वाया जातात, हे एकस्ट्रँड यांच्याच गटाने २०१९ मध्ये दाखवलं. त्यानंतरही विश्वचषक ४८ संघांचा करण्याचा निर्णय बदलला नाही, क्लबांचा विश्वचषक ३२ संघांचा झाला आणि तो २०२५ च्या जून-जुलैत अमेरिकेच्या उन्हात खेळवला गेला.

इथे सगळे रोद्रीचं उदाहरण देतात. मँचेस्टर सिटीच्या या स्पॅनिश खेळाडूने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सामन्यांच्या या ओझ्यामुळे खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत, आणि काही दिवसांतच, आर्सेनलविरुद्ध, त्याच्या गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलं. योगायोग नाट्यमय आहे, पण पुरावा म्हणून तो मला कच्चा वाटतो. त्याचा गुडघा कॉर्नरच्या वेळच्या झटापटीत गेला. ताज्या पायानेही तो गेला असता, असं कुणी म्हटलं तर उत्तर नाही. एका खेळाडूच्या एका गुडघ्यावरून वेळापत्रकाला दोषी ठरवता येत नाही. शेकडो मांड्यांवरून येतं. म्हणून मी रोद्रीपेक्षा हॅमस्ट्रिंगवर भिस्त ठेवतो.

गुडघ्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे ती सर्रास उलटी सांगितली जाते. ‘एसीएलचं ऑपरेशन झालं की सहा-सात महिन्यांत पोरगा पूर्ववत’, हे वाक्य बापाला धीर द्यायला ठीक आहे. युरोपातल्या अव्वल पुरुष खेळाडूंच्या पंधरा वर्षांच्या पाहणीत जवळजवळ सगळे मैदानावर परतले खरे. तीन वर्षांनी अव्वल पातळीवर किती उरले? ६५ टक्के. ज्यांच्यामागे जगातले उत्तम सर्जन आणि रोजचा फिजिओ आहे, त्यांची ही गत.

दुखापत खाली ठरते की वर, याचं उत्तर देणारा आणखी एक अभ्यास आहे आणि त्याची चर्चा फार होत नाही. एकस्ट्रँड यांच्या गटाने क्लबांमध्ये डॉक्टर आणि मुख्य प्रशिक्षक यांच्यात संवाद कसा आहे हे तपासलं. जिथे तो वाईट, तिथे दुखापती जास्त. म्हणजे स्नायू तोच, मैदान तेच. ‘आज याला खेळवू नका’ असं सांगणाऱ्याचं ऐकलं जातं की नाही, यावर मांडी फाटायची की नाही ते ठरतं. 

बरं, उपाय नाही म्हणून हे चाललंय असंही नाही. फिफाने १९९४ मध्ये स्वतःच एक वैद्यकीय संशोधन केंद्र काढलं होतं. त्या केंद्रातून ‘इलेव्हन प्लस’ नावाची सरावपूर्व व्यायामांची मालिका तयार झाली: धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूला बळ देणं. वीस मिनिटं लागतात. उपकरण लागत नाही, चेंडूही जवळपास लागत नाही. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या सव्वाशे क्लबांवर तिची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले; गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. लहान मुलांसाठीच्या आवृत्तीची युरोपातल्या चार देशांत चाचणी झाली, तिथेही घट सुमारे निम्मी. त्याच मालिकेतला एक व्यायाम, गुडघ्यांवर बसून, कुणीतरी घोटे धरून ठेवलेले असताना सावकाश पुढे झुकण्याचा, एकट्यानेच हॅमस्ट्रिंगच्या दुखापती अर्ध्यावर आणू शकतो. औषधाच्या कंपनीला असा गुण सापडला असता तर तिने त्याच्या जाहिरातींनी रस्ते भरून टाकले असते. चॅम्पियन्स लीगच्या क्लबांना २०१५ मध्ये विचारलं, तेव्हा बहुसंख्य क्लब हा व्यायाम नीट करतच नव्हते. फिफाच्या त्या केंद्राचे प्रमुख यिरी द्वोराक २०१६ च्या अखेरीस बाहेर पडले आणि केंद्र गुंडाळलं गेलं. जानेवारी २०१७ मध्ये फिफाच्या कौन्सिलने विश्वचषक ४८ संघांचा करायचं ठरवलं. दोन घटनांचा थेट संबंध मी जोडत नाही. संस्थेला काय महत्त्वाचं वाटतं ते मात्र एवढ्यावरून कळतं.

इथे आपला वाचक म्हणेल, युरोपचं हे अति झालं म्हणून आहे. आपल्याकडे फुटबॉल आहेच किती? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या मुद्द्याच्या मुळाशी आहे. शरीर नुसत्या ओझ्याने मोडत नाही. ज्या ओझ्याची त्याला तयारी नाही ते अचानक आलं की मोडतं. आपल्या भागातले मालगुजारी तलाव बघा: तलाव भरलेला असणं हा धोका नसतो, पाळीनं सोडलेलं पाणी बांधी पिकवतं, पाळ फुटून एकदम आलेलं तेच पाणी रोवणी वाहून नेतं. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर जर्मनीची बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाली, तेव्हा विश्रांती घेतलेल्या पायांना दुखापती कमी व्हायला हव्या होत्या. वाढल्या.

भारतीय फुटबॉलचं वेळापत्रक हे असं पाळ फुटण्याचं वेळापत्रक आहे. २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम करोनामुळे गोव्यातच झाला: फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या तीन मैदानांवर अकरा संघांचे ११५ सामने चार महिन्यांच्या आत. २०२५ मध्ये उलट घडलं. महासंघाचा व्यावसायिक करार डिसेंबरमध्ये संपणार, पुढे काय ते ठरेना, म्हणून लीग वेळेवर सुरूच झाली नाही. देशातले सर्वोत्तम फुटबॉलपटू ऐन हंगामात सामन्यांवाचून बसून. कधी दुष्काळ, कधी पूर. कुणा एका अध्यक्षाच्या काळातला हा दोष नव्हे. पटेलांच्या काळात गुंता होता, त्यांच्यानंतर तो सुटलेला नाही. पण अशा काळानंतर एखाद्या खेळाडूची मांडी फाटली तर त्याला ‘दुर्दैवी’ म्हणायची आपल्याला सवय आहे.

महासंघ खेळाडूच्या शरीराबद्दल कधी जागा होतो? मृत्यू दिसला की. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानच्या गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि गेला. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर तेव्हा देशभर बोललं गेलं. पुढे २०१९ मध्ये अन्वर अली या तरुण बचावपटूच्या हृदयात दोष आढळला आणि पुढे महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी त्याला परवानगी मिळाली आणि तो भारताकडून खेळला. त्या वेळी महासंघाने दाखवलेली सावधगिरी मला चुकीची वाटत नाही. हृदयासाठी समिती बसते, अहवाल मागवले जातात, वकील उभे राहतात. गुडघ्यासाठी काहीच बसत नाही, कारण गुडघ्याने माणूस मरत नाही. त्याची फक्त कारकीर्द संपते, आणि तीही गुपचूप.

आता गोंदियाकडे येतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, काही सामने नवी मुंबईत. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवलं: एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळांना चेंडू पाठवले गेले. कल्पना मला आवडली होती, आजही आवडते. गावातल्या पोरीच्या पायाला खरा चेंडू लागणं ही लहान गोष्ट नाही. पण वर्षभर कवायतीपलीकडे न धावलेल्या मुलाला एका दिवशी मैदानात सोडायचं, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कपाटात, हा पाळ फोडण्याचाच प्रकार होता. चेंडूसोबत ‘इलेव्हन प्लस’चा एक कागद मराठीत छापून शाळेत पाठवायला किती खर्च आला असता?

दरवर्षी जे घडतं ते याहून गंभीर आहे. शालेय स्पर्धा आणि सुब्रतो चषकाच्या तालुका-जिल्हा फेऱ्या पावसाळ्यात येतात. जुलै-ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे रोवणी. मुलं सकाळी बांधीत परा लावून आलेली असतात, कमरेतून वाकून, चिखलात पाय रोवून. मैदान एका टोकाला चिखल, दुसऱ्या टोकाला मुरूम. संघ सराव सुरू करतो तो स्पर्धेची तारीख कळल्यावर. स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकायची असते, बाद पद्धतीची असते, आणि जो संघ जिंकत जातो त्याच्या वाट्याला एका दिवशी दोन सामने येतात. हरणारा घरी जातो, जिंकणारा मोडतो. युरोपातल्या डॉक्टरांनी आठवड्याला दोन सामन्यांवर धोक्याचा झेंडा लावला आहे. आपण चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला दोन देतो, मग बक्षीस समारंभात त्याच्या ‘जिद्दीचं’ कौतुक करतो. जिद्द हा शब्द आपल्याकडे वेळापत्रकाच्या चुका झाकायला फार कामाला येतो.

भरतीची तयारी करणारी मुलंही याच रांगेत आहेत, जरी ती फुटबॉलपटू नसली. पोलीस भरतीची मैदानी चाचणी जवळ आली की सोळाशे मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर एकदम धावणं वाढवायचं; नडगी दुखली तर पट्टी बांधून आणखी धावायचं. शरीराचा नियम चेंडू आहे की नाही हे पाहत नाही.

मुलींचं आणखी वेगळं. गुडघ्याचं लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुप्पट-तिप्पट असतो. २०२३ च्या महिला विश्वचषकाला इंग्लंडच्या लिआ विल्यमसन आणि बेथ मीड, नेदरलँड्सची व्हिव्हियाने मीडेमा याच दुखापतीमुळे मुकल्या. या फरकाची कारणं सांगताना शरीररचना आणि संप्रेरकं पुढे केली जातात, आणि त्यात तथ्य आहे. पण मुलगी उशिरा खेळायला लागते, तिला उडीवरून नीट उतरायला कुणी शिकवत नाही, तिच्या पायात भावाचे बूट असतात, हे संप्रेरकांमुळे होत नाही. नॉर्वेच्या त्या चाचणीत ज्यांच्या गंभीर दुखापती निम्म्यावर आल्या त्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलीच होत्या. आपल्या आश्रमशाळांतल्या, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुली याच वयाच्या.

एवढं सगळं मी युरोपच्या आकड्यांवर बोललो, याचं कारण उघड आहे. तिकडच्या खेळाडूच्या मांडीचा दर हजार तासांचा हिशेब आहे. इकडच्या मुलाचा गुडघा गेला तर शाळेच्या हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते. पुढच्या वर्षी तो संघात नसतो; का नसतो ते क्रीडाशिक्षकाला आठवत असेल तर असेल. आणि आधीची दुखापत हा नव्या दुखापतीचा सगळ्यात खात्रीचा इशारा आहे, हे एकस्ट्रँड यांच्याच अभ्यासांनी दाखवून दिलंय. तो इशारा वाचायचा तर आधीची दुखापत कुठेतरी लिहिलेली हवी.

त्यासाठी दिल्लीच्या महासंघाची वाट पाहायची गरज नाही. झुरिकच्या फिफाची तर नाहीच. त्या टेबलावर आपला माणूस बसून आला आणि जगाचं वेळापत्रक हलकं झालं नाही, ते कुणाही एकाच्या हातात नव्हतं. तालुक्याचं वेळापत्रक मात्र तालुक्याच्या हातात आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या जुलैत कुठल्याही संघाला एका दिवशी दोन सामने देऊ नका, मग स्पर्धा दोन दिवस लांबली तरी चालेल. संघाचं नाव नोंदवताना स्पर्धेआधी किमान सहा आठवडे सराव झाल्याचं शाळेकडून लिहून घ्या. प्रत्येक सामन्यापूर्वी ती वीस मिनिटं सक्तीची करा. आणि पंचाच्या टेबलावर गोलांच्या नोंदीशेजारी एक वही ठेवा: कोण जखमी झालं, कुठे, कितव्या मिनिटाला, त्या दिवसाचा कितवा सामना होता. पाच वर्षं ही वही भरली, तर गोंदियाच्या मुलांचे पाय कशाने मोडतात हे सांगायला स्वीडनच्या डॉक्टरांची गरज उरणार नाही.